जोडलेली पेटी

अंकुश उतेकरला मधमाशी चावली तर तोच माशीची माफी मागतो, असं आंबेणवाडीत गमतीनं म्हणत. गमतीत थोडं तथ्यही होतं. डंख मारला की माशी मरते, त्यामुळे डंख बसला म्हणजे आपलाच हात कुठेतरी जोरात पडला, असं त्याला खरोखर वाटायचं. महाबळेश्वराच्या मागच्या अंगाला, कोयनेकडे उतरणाऱ्या या वाडीत त्याच्या सातेरी माश्यांच्या एकतीस पेट्या होत्या. वडिलांकडून नऊ आलेल्या, बाकीच्या त्यानं वाढवलेल्या. जांभळाचा मध कधी काढायचा, पेटी कुठल्या उतारावर ठेवायची, कुठली वसाहत पावसाळा काढील आणि कुठली नाही, हे पंचक्रोशीतले मधपाळ त्याला विचारून ठरवत. आणि तोही न विचारता सांगायला कमी करत नसे.

अशा माणसाच्या दारात एका मार्गशीर्षात डॉ. अनघा टिल्लू येऊन उभ्या राहिल्या. पुण्याच्या, चाळिशीच्या, पायात चिखलाचे बूट. त्यांना माश्यांचं काहीच कळत नव्हतं आणि हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. त्यामुळे त्या अंकुशला आवडल्या. त्यांना पेट्या हव्या होत्या, मध नको होता. माश्यांना एक प्रश्न विचारायचाय, असं त्या म्हणाल्या. अंकुशची बायको शालन आतून चहा घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबून हसली.

प्रश्न काय होता ते समजायला थोडं मागं जावं लागेल. आधीच्या दहाएक वर्षांत जगात एक उलथापालथ झाली होती आणि तिची सुरुवात दवाखान्यात झाली. बेशुद्ध माणसाच्या आत कुणी जागं आहे का, हे ओळखायचं कसं? तो बोलत नाही, बोट हलवत नाही. डॉक्टरांनी युक्ती काढली. कवटीच्या बाहेरून मेंदूला चुंबकाची हलकी टिचकी मारायची आणि तिचा पडसाद आत कसा फिरतो ते ऐकायचं. गाढ झोपेत किंवा भुलीखाली टिचकी जिथं पडते तिथंच विरते. जागेपणी मात्र तिचं पाणवठ्यावर सोडलेल्या बातमीसारखं होतं. ती घरोघर जाते, प्रत्येक घर तिच्यात आपलं काहीतरी घालतं, आणि परत येते तेव्हा सोडणाऱ्यालाही ती ओळखू येत नाही. पडसाद जितका लांब गेला आणि जितका गुंतला, तितका आकडा मोठा. शंभरात मोजायच्या या आकड्याला मराठीत गुंफणांक असं नाव पडलं.

आधी तो माणसांना लावला, मग जनावरांना. जागा माणूस साठच्या वर, कुत्रा पंचेचाळीस, कावळा कुत्र्याच्याही पुढं. तेव्हा बऱ्याच जणांना आपल्या ताटातल्या जेवणाकडे नीट पाहवेना. मग कायदा आला. ज्याचा गुंफणांक तीसच्या वर, आणि ज्याला ओळख आणि आठवण आहे असं सिद्ध होईल, तो कुणीतरी आहे असं धरायचं. त्याला वस्तू म्हणून तोडता, फोडता, मारता येणार नाही. सिद्ध करून घ्यायला एक समिती बसली.

एकट्या माशीचा आकडा तीनच्या वर जात नव्हता. अनघाबाईंचं म्हणणं असं की आपण चुकीच्या दारात उभे आहोत. मेंदूतली एक पेशी बाहेर काढून तिला तू कोण म्हणून विचारलं तर ती काय सांगणार? मग एकटी माशी तरी काय सांगेल? विचारायचं तर सगळ्या वसाहतीला विचारलं पाहिजे. त्यांनी पाटासारखी एक चपटी तबकडी बनवली होती. ती पेटीखाली सरकवायची. तबकडी पोळ्याला टिचकी देई. माश्यांच्या पायांना ती कळे, कुणी फुलांची दिशा सांगणारं नाचणं थांबवे, कुणी शेजारणीला ढुशी देई, ती तिसरीला, आणि वीस हजार माश्यांतून फिरून पडसाद परत तबकडीपाशी येई. पोळ्यात बसवलेल्या केसाएवढ्या तारा तो टिपून घेत.

एकतीस पेट्यांपैकी बहुतेकींचा आकडा पंचवीस ते पस्तीसच्या दरम्यान आला. सतरा नंबरचा एक्केचाळीस आला.

सतरा नंबर दिसायला काही खास नव्हती. फणसाच्या लाकडाची जुनी पेटी, झाकण एका कोपऱ्याला उललेलं. ती इतरांपेक्षा वेगळी का हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. अनघाबाईंनी तिला धडा द्यायला सुरुवात केली. दोन तुटक टिचक्या आणि एक लांब दिली की पाव तासानं पेटीच्या डाव्या अंगाला साखरेचा पाक येणार. महिन्याभरात पेटी शिकली. खूण मिळाली की पाक यायच्या आधीच माश्या डाव्या बाजूला गोळा होऊन बसत. अंकुशला यात नवल वाटलं नाही. माश्या शिकतात हे तो वडिलांच्या हाताखाली असल्यापासून पाहत होता.

नवल पुढं घडलं. अनघाबाईंनी धडा बंद केला आणि तीन महिने खूण दिलीच नाही. कामकरी माशी दीड महिना जगते. म्हणजे चैत्रात त्या पेटीत धडा शिकलेली एकही माशी उरली नव्हती. मग एका सकाळी त्यांनी खूण दिली, दोन तुटक, एक लांब. आणि ज्यांनी तो पाक जन्मात चाखला नव्हता अशा माश्या डाव्या अंगाला सरकू लागल्या. अनघाबाई जमिनीवर बसल्या आणि रडल्या. अंकुशनं त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं. तो धडा कुठल्या माशीत नव्हताच, त्या पेटीत होता, हे त्याला त्या क्षणी कळलं.

दुसरी गोष्ट त्याला जास्त आवडली. तबकडीला जोडलेल्या पडद्यावर पेटीच्या गुणगुणण्याची रेघ उमटत असे. अनघाबाई झाकण उघडत तेव्हा ती नुसती वर जाई. शालननं उघडलं तर थोडी थरथरे. अंकुशनं उघडलं की मात्र ती तीन पायऱ्या चढून वर जाऊन स्थिर होई. कपडे बदलले, हाताला तेल लावलं, तोंड झाकलं, तरी तेच. पुढं तर तो पायवाटेवर दिसायच्या आत पायऱ्या पडू लागल्या. अनघाबाईंनी कागदावर त्याला अंकुशकाकांच्या पायऱ्या असंच नाव लिहिलं.

मग काय विचारता. साताऱ्याहून वाहिनीवाले आले. पोळं ओळखतं तो माणूस, अशी पट्टी खाली सोडून त्यांनी अंकुशला पेटीशेजारी उभा केला. वाईच्या बाजारात लोक थांबवून विचारू लागले. अंकुश वरवर लाजायचा, पण शर्ट इस्त्रीचा घालू लागला. शालनला त्याचं हे मिरवणं गमतीचं वाटे. गोठ्यातली म्हैससुद्धा तुम्हाला ओळखते, तिच्या शेजारी उभं राहून कधी फोटो काढला नाही, असं ती म्हणायची. तो हसण्यावारी न्यायचा.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात अनघाबाई समितीपुढं मांडणी करायला दिल्लीला गेल्या आणि तिथून परदेशात आणखी कुठं कुठं. समितीची अट साधी होती. भाद्रपदात दोन माणसं येतील, स्वतः खूण देतील, पेटी उत्तर देते का आणि अंकुशला ओळखते का ते पाहतील. त्यावर सगळं ठरणार. सहा वर्षांचं काम त्या एका पेटीवर उभं होतं. निघताना त्यांनी अंकुशला सांगितलं की तबकडी हलवू नका, वायर कोरडी ठेवा, पेटीत काही बदल करू नका. अंकुश म्हणाला, बदलायचं काय त्यात, लेकरासारखी सांभाळतो. दोघांनाही वाटलं की सगळं बोलून झालं.

आषाढात तिथं सलग बावीस दिवस सूर्य दिसला नाही. पेट्यांवर प्लास्टिक, वर दगड, आत पाकाच्या वाट्या. अशा दिवसांत मधपाळानं पेटी फारशी उघडायची नसते, पण सतरा नंबरच्या दारात अंकुशला सुस्ती दिसली. त्यानं छत्री धरायला शालनला घेतलं आणि चौकटी वर काढल्या. राणी नव्हती. अंडी नव्हती, कोवळी पिल्लंही नव्हती. राणी मरून आठवडा दोन आठवडे झाले असावेत. अशी पेटी उन्हाळ्यात आपली राणी आपण करून घेते. आषाढात मात्र नवी राणी उडणार कधी आणि नराला भेटणार कधी? तीन आठवड्यांत कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, त्यातून नुसते नर निघतात आणि पेटी बसते, म्हणजे संपते.

इलाज दोन होते. अंकुशकडं एका छोट्या पेटीत राखीव राणी होती, पुढच्या हंगामात एका वसाहतीच्या दोन करायला ठेवलेली. ती पिंजरीत घालून सतराला देता आली असती. पण परकी राणी माश्या कधीकधी मारून टाकतात. चार-पाच दिवस पावसात रोज झाकण उघडून पाहावं लागतं, आणि एवढं करून राणी गेली तर दोन्हीकडचं नुकसान. दुसरा इलाज वडिलांनी शिकवलेला, दरवर्षी आषाढात केलेला, त्याच्या हातातला. पेटी जोडायची. बिनराणीची कमजोर वसाहत राणीवाल्या भक्कम वसाहतीवर ठेवायची, मध्ये एक वर्तमानपत्राचा कागद. वास वेगळे असताना एकदम सोडल्या तर माश्या एकमेकींना मारतात. कागद कुरतडायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात वास हळूहळू मिसळतो, आणि कागद संपतो तेव्हा त्या एका घरच्या झालेल्या असतात.

अंकुशनं यावर किती विचार केला? बायको छत्री धरून उभी होती, पाणी मानेत शिरत होतं. दोन मिनिटं केला असेल. फोनला रेंज नव्हती. असती तरी त्यानं अनघाबाईंना विचारलं असतं का, हे त्याला पुढं कधी खात्रीनं सांगता आलं नाही. माश्या वाचवायच्या होत्या आणि माश्या वाचवायचा रस्ता त्याला माहीत होता. यात विचारण्यासारखं काही आहे हेच त्याच्या मनात आलं नाही.

बावीस नंबर भक्कम होती. शालननं आतून कालच्या पेपरचं पान आणलं, टाचणीनं त्याला भोकं पाडली, अंकुशनं त्यावर पाक शिंपडला. सतराच्या चौकटी, तारांसकट, कागदावर बसल्या.

"आतल्यास्नी इचारलं का, येताव का म्हनून?" शालननं विचारलं.

तिचा स्वर चेष्टेचाच होता. अंकुशही चेष्टेतच म्हणाला की त्यांना विचारत बसलो तर सगळ्या मरतील.

पहिल्या दिवशी पेटी गुरगुरत होती, दुसऱ्या दिवशी कुरतडल्याचा आवाज आला, तिसऱ्या दिवशी दारात कागदाचा भुगा पडला. नेहमीसारखंच. आठवड्यानं त्यानं सगळा संसार सतरा नंबरच्या फणसाच्या पेटीत बसवून पेटी तबकडीवर जिथल्या तिथं ठेवली. एक माशी वाया गेली नव्हती. त्याला समाधान वाटलं, आणि ते खोटं होतं असं आजही म्हणवत नाही.

भाद्रपदात ठरल्याप्रमाणे समितीची माणसं आली. निवृत्त न्यायाधीश देवस्थळीबाई, आणि त्यांच्याबरोबर बंगळुरूचे एक दाढीवाले प्राध्यापक. अनघाबाई आदल्या दिवशीच पोचल्या होत्या. पेटी गजबजलेली पाहून त्यांनी अंकुशचे दोन्ही हात हातात घेतले. तो तेव्हाच बोलला असता तर बरं झालं असतं. पण वाडीतली माणसं जमलेली, पाहुण्यांचं सामान उतरवायचं, आणि त्याला वाटलं की सांगण्यासारखं काय आहे, माश्या तर त्याच आहेत.

प्राध्यापकांनी आकडा घेतला. छत्तीस आला. मान हलवून त्यांनी लिहून घेतला. मग देवस्थळीबाईंनी स्वतः बटण दाबलं. दोन तुटक, एक लांब. सगळे पेटीकडे बघत राहिले. पडसाद फिरला, परत आला, रेघ थोडी डुलली. डाव्या अंगाला कुणी सरकलं नाही. पुन्हा खूण दिली. पुन्हा. पेटी जागी होती, तिला टिचकी कळत होती, पण त्या टिचकीचा तिच्या लेखी काहीच अर्थ नव्हता.

अनघाबाईंनी वायर तपासून पाहिली. त्या म्हणाल्या, काकांना पुढं येऊ द्या. अंकुश पुढं आला. पडद्यावरची रेघ नुसती वर गेली, परक्या माणसासाठी जाते तशी. त्यानं झाकण उघडलं, चौकटीवर हात ठेवला. त्याच्या बोटांवर माश्या चढल्या, शांतपणे, कुठल्याही झाडाच्या फांदीवर चढतील तशा. आत कुणीतरी होतं, पण ते दुसरंच कुणीतरी होतं, आणि ते त्याला ओळखत नव्हतं.

देवस्थळीबाईंनी कागदावरून मान वर करून त्याला साध्या मराठीत विचारलं, "उतेकर, ही तीच वसाहत आहे ना? मधल्या काळात हिच्यात काही फरक केलात का?"

शालन पडवीतून पाहत होती. वाडीतली वीस-पंचवीस माणसं पाहत होती. पोळं ओळखतं तो माणूस मध्ये उभा होता आणि पोळ्यानं त्याला ओळखलं नव्हतं. आता जर म्हणावं की राणी माझ्या हातून गेली, पेटी मी जोडली, ज्या पेटीवर बाईंचं सगळं उभं होतं तीच जोडली, तर. तो पुढचा विचार करू शकला नाही. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "न्हाई बाई. पेटी तीच, माश्या बी त्याच."

पहिलं न्हाई सोडलं तर बाकीचं खरं म्हणता आलं असतं. त्याला मात्र स्वतःचं खोटं पुरतं ऐकू आलं.

समितीनं तासाभरात निष्कर्ष लिहिला. आकडा सीमेच्या वर, ओळख नाही, आठवण नाही, आधीचे निकाल पुन्हा मिळाले नाहीत. वसाहतींचा अर्ज फेटाळला. प्राध्यापकांनी अनघाबाईंच्या पाठीवर हात ठेवला, ते खरंच हळहळले होते. दुपारी त्यांची गाडी घाट उतरली.

अनघाबाई पडवीत बसून तबकडीच्या पोटात साठलेल्या तीन महिन्यांच्या नोंदी एकामागून एक उघडत होत्या. कुठं चुकलं ते त्यांना शोधायचं होतं. अंकुश खांबाला टेकून उभा होता. आषाढातल्या त्या आठवड्यापाशी त्या थांबल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. तारा चौकटींबरोबर गेल्या होत्या, आणि बावीसच्या चौकटींतही आधीच्या मोजणीच्या तारा होत्याच, त्यामुळे सगळं टिपलं गेलं होतं.

"काका, इथं दोन रेघा कशा?"

मग तो बोलला. राणी, पाऊस, कागद, पाक, सगळं. ती राखीव राणी छोट्या पेटीत अजून होती, तेही बोलला. कुणी विचारलं नव्हतं तरी बोलला.

अनघाबाई रागावल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. त्यांनी नुसता पडदा त्याच्याकडे वळवला. वरची रेघ सतराची, खालची बावीसची, मध्ये कागद. पहिल्या दिवशी दुपारी वरच्या रेघेवर तीन पायऱ्या पडल्या होत्या. मग पुन्हा तीन. संध्याकाळपर्यंत त्या पडतच होत्या. दुसऱ्या दिवशी पायऱ्या बुजत चालल्या, कधी दोनच, कधी अर्धी. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रेघा एक झाल्या आणि ती एक रेघ सपाट, गुळगुळीत, निरोगी होती.

"त्या दुपारी तुम्ही पेटीजवळ होतात?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. पाऊस लई हुता. घरात हुतो."

"तुम्ही जवळ नसताना तिनं हे कधीच केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ही हाक होती असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. मी एवढंच सांगते की आधी कधी केलं नव्हतं."

त्यांनी त्याच वेळी देवस्थळीबाईंना फोन लावला. रेंज येत-जात होती, पण बोलणं झालं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि विचारलं की मग ती वसाहत आता कुठं आहे? जी नाही तिला खूण कशी देणार? नोंदी पुरेशा नाहीत, ओळख समितीसमोर पटली पाहिजे, असा नियमच होता. नवी पेटी शिकवायला दोन वर्षं, आणि अर्ज पुन्हा करायला पाच वर्षांची बंदी. तेवढे पैसे आणि तेवढा विश्वास त्यांच्यावर आता कोण टाकणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तबकडी गुंडाळून निघाल्या. अंकुशनं माफी मागितली. त्या म्हणाल्या की पेटी जोडलीत याबद्दल नको, ते तुम्हाला माहीत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पण काका, ती तुम्हाला ओळखते हे तर तुम्हाला माहीत होतं."

होतं. साऱ्या वाईच्या बाजाराला त्यानं ते सांगितलं होतं. ओळखलं जाण्याचं सुख त्यानं वर्षभर पोटभर भोगलं. जे ओळखतं ते कुणीतरी असलं पाहिजे, त्याला आपलं स्वतःचं काही असलं पाहिजे, हा पुढचा एवढासा विचार मात्र त्यानं केला नाही. तो आपलाच चेहरा त्या पेटीत बघत राहिला.

त्यानंतर पंधरा दिवस त्यानं एकही पेटी उघडली नाही. आश्विनातलं ऊन पडलं, रानातल्या झुडपांना फुलं आली, माश्या कामाला लागल्या. तो सकाळी जाऊन पेट्यांच्या मध्ये दगडावर बसे. तीस वर्षांतल्या जोडलेल्या पेट्या त्याला आठवत. दरवर्षी दोन, कधी तीन. त्या सगळ्यांना तो वाचवलेल्या पेट्या म्हणत आला होता.

एका सकाळी शालन सूप घेऊन तिथं आली आणि शेजारी बसून नाचणी पाखडू लागली. मग अंकुशच सांगू लागला. त्याला कुणाला तरी सांगायचंच होतं. हे मरण असं कसं, म्हणाला. प्रेत नाही, डाग नाही. कागद संपला तेव्हा सगळ्या माश्या जिवंत, खात होत्या, पीत होत्या. तीन दिवसांत वास एक झाला, आणि तेव्हाच त्यांना विचारलं असतं की तुमच्यातली सतराची कोण, तर त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणी मेलं नाही, आणि तरी कुणीतरी गेलं. असं कसं होतं?

शालनचं सूप थांबलं.

"हे मला सांगताय व्हय?" ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. ती चिडलेली नव्हती, तिनं पुन्हा पाखडायला घेतलं आणि पाखडता पाखडताच बोलत राहिली. एकोणीस वर्षांची होते, म्हणाली. लग्न लागलं, परातीत तांदूळ पसरले, तुम्ही अंगठीनं त्यात शालन लिहिलं. तुमच्या आईला ते नाव आवडायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या घरची चव, तुमच्या घरचं बोलणं, तुमच्या देवाचे वार. या नावानं हाक आली की कुणाला बोलावतायत म्हणून मी मागं वळून बघायची.

"माश्यास्नी तीन दिस लागलं. मला दोन वरसं लागली. आन तुमी त्यांच्यात कागद तरी घातला हुता."

छत्तीस वर्षं ती अंकुशच्या शेजारी होती. तिनं भोकं पाडली, छत्री धरली, पाक केला. तिच्या मनात काय चाललंय असं त्यानं कधी विचारलं नव्हतं, कारण ते आपल्याला माहीत आहे असं तो धरून चालला होता. एका पेटीला टिचकी मारून तिचा पडसाद ऐकायला पुण्याहून बाई आली, वाहिनी आली, दिल्लीची समिती आली. हिला त्यानं कधी नुसतं विचारूनही पाहिलं नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त, उशीर झाल्याचं वाईट वाटलं.

तिचं माहेरचं नाव त्याला ठाऊक होतं. लग्नपत्रिकेवर छापलेलं होतं. ते त्यानं तोंडानं एकदाही उच्चारलं नव्हतं. आता त्यानं घसा खाकरला आणि हलक्या आवाजात हाक मारली.

"वैजयंता."

शालनचा हात चालूच राहिला. कोंडा उडत होता, दाणे सुपात मागं सरकत होते. तो वाट बघत राहिला. सूप रिकामं झाल्यावर तिनं ते मांडीवर उपडं ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बगा," ती म्हणाली. "मी हितंच बसल्ये. नाव बी ऐकू आलं, माजंच हाय ते बी कळलं. पर वळून बघावं असं आत कुनालाच वाटलं न्हाई."